टक्का वाढला, नावं गळाली

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. चंद्रपुरात आमच्या गल्लीत कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "लोकायनं केलेलं काम आमची सून पाहून येते, झालं का नाई म्हून." मला तेव्हा राग यायचा. सांख्यिकीची पदवी घेतलेली मी, आणि माझ्या कामाचं हे वर्णन! आता सगळं थांबवून घरी बसल्यावर वाटतं, याहून चांगली व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

धंद्याचं नाव मूल्यमापन. एखादी संस्था दोन-तीन वर्षं एखादा प्रकल्प चालवते. सुरुवातीला तिनं कागदावर लिहून दिलेलं असतं की आम्ही अमुक करू आणि त्यानं लोकांचं असं असं भलं होईल. प्रकल्प संपला की त्या संस्थेशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला पाठवतात. त्यानं गावोगाव फिरायचं, कागद तपासायचे, लोकांशी बोलायचं आणि सांगायचं, की लिहिलं होतं ते झालं का, कुणाचं झालं, आणि संस्था निघून गेल्यावर त्यातलं काही उरेल का. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी बरीच वर्षं हेच केलं. विहिरी पाहिल्या, मच्छरदाण्या पाहिल्या, धानाचं बियाणं पाहिलं.

या कामात पहिल्यांदा शिकावं लागतं ते दाखवायचं गाव ओळखायला. प्रत्येक संस्थेकडे असं एक गाव असतंच. रस्ता चांगला, सरपंच बोलका, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी आधीच अंथरलेली. सिंदेवाहीकडच्या अशाच एका गावात मी बियाण्याबद्दल विचारायला गेले होते. जीपमधून उतरून मी काही बोलणार, तोच समोरची बाई म्हणाली, "हो, आमचं उत्पन्न वाढलं." मी म्हटलं, "बाई, मी प्यायला पाणी मागत होते."

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. गावं चिठ्ठ्या टाकून काढायची, संस्थेला विचारून नाही. आणि "तुम्हाला फायदा झाला का" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. त्याऐवजी म्हणायचं, "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा," आणि मग आपण गप्प बसायचं. गप्प बसणं हाच या कामातला अवघड भाग. भल्याभल्यांना जमत नाही.

माझं शेवटचं मोठं काम निवडणुकीचं होतं. कोण जिंकलं, का जिंकलं, याच्याशी माझा काही संबंध नव्हता. कुणी स्वतःहून ते सांगू लागलं तर मी वही मिटून घ्यायची. प्रकल्प होता तो निवडणूक विश्वासार्ह व्हावी यासाठीचा. शब्द मोठा आहे, पण गावातल्या माणसासाठी अर्थ साधा आहे. यादीत माझं नाव आहे. केंद्रापर्यंत मी पोचू शकतो. बटण कसं दाबायचं ते मला येतं. आणि मी कुणाला मत दिलं ते मी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

एका संस्थेनं चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या काही जंगलपट्ट्यांत तीन वर्षं हे काम केलं होतं. गावागावातून स्वयंसेवक निवडले होते. ते घरोघर जाऊन मतदार यादी पडताळायचे आणि यादी सांभाळणाऱ्या शिक्षकांना मदत करायचे. आठवडी बाजारात खोटं मतदान यंत्र मांडून लोकांना बटण दाबायला शिकवायचे. म्हाताऱ्या, अपंग माणसांना केंद्रावर नेण्याची सोय करायचे. आधी लोकसभेची आणि काही महिन्यांनी विधानसभेची निवडणूक पार पडली. संस्थेचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की प्रकल्पाच्या गावांत यादी शुद्ध झाली आणि मतदानाचा टक्का वाढला. त्यानंतर फेब्रुवारीत मला पाठवण्यात आलं.

संस्थेचे समन्वयक शेंडे सर. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. मोटारसायकलवर इतका फिरलेला, की कुठल्या नाल्यावरचा रपटा कधी पाण्याखाली जातो हे तोंडपाठ. पहिले पंधरा दिवस मी मुलचेऱ्याच्या बंगाली वस्त्यांपासून उत्तरेकडच्या धानाच्या गावांपर्यंत फिरले, आणि खरं सांगते, काम चांगलं होतं. एका गावात दोन्ही पायांनी अधू असलेल्या माणसानं मला केंद्रावरचा व्हीलचेअरसाठीचा उतार दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणी उचलून न नेता आत गेला होता. हे मी अहवालात सगळ्यात आधी लिहिलं.

मग चिठ्ठीत बोडीटोला निघाला.

गावाचं खरं नाव वेगळं आहे, तालुक्याचं तर मी लिहीतच नाही. कोसमघाट नावाचं मोठं गाव, आणि तिथून जंगलातून तासाभराच्या पायवाटेवर हा गोंडांचा छोटा टोला. बोडी, म्हणजे पाण्याचं छोटं तळं, आणि तिच्या काठानं वीस-बावीस घरं. मतदान केंद्र कोसमघाटच्या शाळेत.

शेंडे सर म्हणाले, "ताई, तो टोला सोडा. रस्ता नाही, आणि आता तिथे कुणी भेटणारही नाही. त्याऐवजी कोसमघाटच करा. त्या केंद्राचा टक्का आपल्या सगळ्या गावांत सर्वात जास्त वाढला आहे."

त्यांच्या मनात काही काळं नव्हतं. पण कुणी "सोडा" म्हटलं की मी तिथे जायचीच. सवयच होती.

गाडी रफीकभाऊंची. घुग्घुसचे. पंचवीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवून मग त्यांनी जीप घेतली होती, आणि माझ्या बहुतेक सगळ्या दौऱ्यांत तेच असायचे. आम्ही आधी कोसमघाटला उतरलो. तिथली स्वयंसेविका मंगला गुरनुले. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, धानाची शेती करणाऱ्या घरातली, बाहेरून बी.ए. झालेली. तिनं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेलं ते सगळ्यात नीट रजिस्टर होतं. घर क्रमांक, नावं, भेटीची तारीख, शेरा. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही.

"हे सगळं एकटीनं केलं?" मी विचारलं.

"हो म्याडम. कोसमघाट अन् टोला, दोन्ही. एक घर सोडलं नाई मी."

मी तिचं कौतुक केलं. टोल्याच्या पानावर बऱ्याच घरांपुढे एकच शेरा होता: "कुलूप. स्थलांतरित." मी पानाचा फोटो घेतला. मंगला ओढणी सारखी करून बाजूला उभी राहिली. तिला वाटलं, चांगल्या अक्षराचा फोटो घेतला. मीही तिचा तो समज दूर केला नाही.

जीप कोसमघाटला ठेवून रफीकभाऊ आणि मी टोल्यावर चालत गेलो. तिथे खरंच दारांना कुलपं होती. माणूस दिसेना. मी वहीत लिहायला लागले: बरीच घरं बंद, कुटुंबं गाव सोडून गेलेली दिसतात.

रफीकभाऊ एका अंगणात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "बाई, काय लिहून राह्यल्या?"

मी सांगितलं.

"हे लोक गेले नाई बाई. हे पाहा, वर्षभराची लाकडं रचून ठेवली हाय. कुंपणाले नवा काटा लावला. घर सोडून जाणारा माणूस कुंपण कायले नीट करन?"

मी पेन खाली घेतलं. इतकी वर्षं माहिती गोळा करणारी मी, आणि जे दिसायला हवं ते ट्रक चालवणाऱ्या माणसाला आधी दिसलं. तेवढ्यात बोडीच्या पलीकडून बकऱ्या आल्या आणि त्यांच्या मागे एक बाई. साठीच्या पुढची, ताठ चालणारी. तानाबाई मडावी. टोल्यातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांपैकी ती एक. बाकी सगळे तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. दरवर्षी जातात. धान निघालं की टेम्पोत बसून जायचं आणि मोहाची फुलं गळायला लागली की परत यायचं.

तिनं आम्हाला खाटेवर बसवलं. स्वतः जमिनीवर बसली. मी नेहमीसारखं म्हटलं, "बाई, लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगतो. आमी तवा मिरचीवर होतो. मुकादम म्हणे, आठ दिवस अजून थांबा. माह्या माणसानं आयकलं नाई. डोमा नाव त्याचं. तो म्हणे, मतदान हाय, जा लागते. सगळ्याइले घेऊन आला. सकाळी आंघोळ केली, धुतलेलं धोतर घातलं. आमी सतरा जण चालत शाळेत गेलो."

"मग?"

"मंग काय. मास्तरनं यादी पाह्यली. म्हणे, तुमचं नाव नाई. आमी म्हणलं, मागच्या बारीले होतं. तो म्हणे, तुमी गाव सोडून गेले असं लिहिलं हाय. डोमा म्हणे, गाव सोडलं तं मी आता इथी कुठून आलो? लोक हासले."

एका बकरीच्या पाठीवरचं गोमाशीसारखं काही तिनं झटकलं.

"कुणी आधी काही कागद दिला होता का? नोटीस वगैरे?"

"कवाडाले चिकटवला होता म्हणते. आमी आलो तवा कोपरा राह्यला होता नुसता. आमाले वाटलं, पोलिओवाल्यायचा असन."

"आणि दुसऱ्या निवडणुकीला?"

"दुसऱ्या बारीले कोणी गेलंच नाई. कायले जाचं, हासून घ्यायले? अन् डोमा तं नव्हताच तवा. पोळ्याच्या आधी ताप आला, चार दिवसांत गेला." तिनं हात नुसता वर केला. "म्हून मी यंदा मिरचीवर नाई गेली. एकटीनं जाऊन काय करू?"

माझ्या वहीत त्या दिवशी पुढचा प्रश्न लिहिलेला होता: "प्रकल्पाबद्दल आपले मत." तो मी विचारला नाही.

परत येऊन मी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवली. रजिस्टरातला "स्थलांतरित" शेरा शिक्षकांपर्यंत गेला होता, आणि नोटिशीला उत्तर न आल्यानं टोल्यातली बहुतेक नावं नव्या यादीतून काढली गेली होती. मग मी कोसमघाटच्या केंद्रात प्रत्यक्ष किती मतं पडली ते पाहिलं. आधीपेक्षा जास्त नव्हती. टोल्याची गेलेली मतं कोसमघाटच्या काही नव्या मतांनी भरून निघाली होती, म्हणून एकूण मतं जवळपास तितकीच होती. तरी टक्का वाढला होता. हे कसं, ते साध्या उदाहरणानं सांगते. यादीत शंभर नावं आहेत आणि साठ लोकांनी मत दिलं, तर टक्का साठ. आता यादीतली वीस नावं काढून टाका. पुन्हा साठच मतं पडली तर टक्का पंचाहत्तर. एकही मत न वाढवता टक्का वाढवण्याचा हा रस्ता आहे, आणि कोसमघाटला नेमकं तेच झालं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. विश्वासार्ह निवडणुकीसाठी चालवलेल्या प्रकल्पानं मिरचीवरून परत येऊन मत देणाऱ्या एका टोल्याला निवडणुकीतून बाहेर काढलं होतं, आणि अहवालात ते यश म्हणून लिहिलं गेलं होतं.

आता मी जे केलं ते लिहायला जड जातं.

आमच्या कामात शेवटचा अहवाल देण्याआधी निष्कर्ष सगळ्यांसमोर मांडायची पद्धत आहे. तालुक्याच्या गावी एका सभागृहात बैठक झाली. शेंडे सर, संस्थेचे मोठे पदाधिकारी, आणि मागच्या खुर्च्यांवर गावोगावचे स्वयंसेवक. मी आधी चांगलं ते सांगितलं. टाळ्या झाल्या. मग बोडीटोल्याचं सांगितलं. गावाचं नाव घेतलं नाही, माणसाचं नाव घेतलं नाही. पण पडद्यावर रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो लावला. नाव झाकलं होतं. अक्षर झाकायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मागून कुजबुज ऐकू आली. ते अक्षर सगळ्या स्वयंसेवकांना ओळखीचं होतं. प्रशिक्षणात तेच रजिस्टर नमुना म्हणून फिरवलं गेलं होतं. मंगला तिसऱ्या ओळीत होती. तिनं पर्स उचलली, दोन जणींच्या गुडघ्यांपुढून वाट काढली आणि बाहेर गेली. दार अगदी हळू लावलं तिनं.

बैठकीनंतर शेंडे सर माझ्यापाशी आले. रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. "ताई, तुमचं चूक नाही. पण एका टोल्यासाठी तीन वर्षांचं काम बुडते हे. दुसरा टप्पा मिळाला नाही तर ही सगळी पोरं घरी बसतील. ते पान परिशिष्टात नाही का टाकता येणार?"

"सर, निवडणुकीआधीची ही पडताळणी फेब्रुवारीतच का केली? टोला बाहेर असतो हे तुम्हाला ठाऊक होतं."

ते म्हणाले, "मार्चअखेर होती. घरांचा आकडा पूर्ण करायचा होता."

दुसऱ्या दिवशी मी रफीकभाऊंना गाडी कोसमघाटला घ्यायला सांगितली. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "बाई, पोट्टीशी सबुरीनं बोलजा."

मंगला अंगणात तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही. तिचे वडील बाजेवर बसले होते, ते उठून आत गेले.

"मंगला, मी चुकले," मी म्हटलं. "तुला आधी सांगायला हवं होतं. फोटो लावायला नको होता."

"फोटोचं जाऊ द्या म्याडम. तुमी इथी आल्या होत्या, माह्यं रजिस्टर पाह्यलं, चांगलं हाय म्हणल्या. तवाच काऊन नाई विचारलं?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

"फोटो काढतानी कळलं होतं तुमाले. थोडं तरी कळलं होतं."

ते खरं होतं. मी हो म्हटलं.

ती सूप घेऊनच आत गेली आणि तांदळावर एक कोरा फॉर्म ठेवून आली. घरभेटीचा छापील फॉर्म. "हे पाहा. मी मनानं काही लिहिलं नाई. इथी तीनच रकाने हाय. हजर, मयत, स्थलांतरित. मी सरले फोन केला होता, कुलूप हाय तं काय लिहू. ते म्हणे, तीनपैकी जे बसते ते लिही. मंग काय बसते?"

मी फॉर्म हातात घेतला. वरच्या ओळीत लिहिलं होतं: "कुटुंबप्रमुखाचे नाव (घरी सापडल्यास)". ती ओळ मी पुन्हा वाचली. "घरी सापडल्यास" हे माझे शब्द होते. बऱ्याच वर्षांपूर्वी मच्छरदाण्यांच्या एका पाहणीसाठी मी हा फॉर्म तयार केला होता. कुटुंबप्रमुख काय हरवलेली म्हैस आहे का, म्हणून तेव्हा ऑफिसात माझी थट्टाही झाली होती. मच्छरदाणी वाटताना माणूस महिनाभर गेला की कायमचा, यानं काही बिघडत नव्हतं. आज घरी नाही, तर आज मच्छरदाणी नाही, एवढंच. म्हणून मी तीनच रकाने ठेवले होते. पुढे तो फॉर्म एका संस्थेकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे गेला. आमच्याकडे चांगला फॉर्म असाच फिरतो. कुणीतरी वरचं शीर्षक बदललं आणि मच्छरदाणीच्या जागी मतदार आला.

"मंगला, हा फॉर्म मी बनवलेला आहे," मी म्हटलं.

तिनं पहिल्यांदा सूप बाजूला ठेवलं. "तुमी?"

"मी. दुसऱ्या कामासाठी. पण रकाने माझेच आहेत."

तिची आई पाणी घेऊन आली. मंगलानं पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "नावं परत लावता येते का?"

"येतात. नव्यानं नोंदणीचा अर्ज भरायचा. वेळ लागतो, पण येतात."

"मंग चला टोल्यावर."

तानाबाईनं आम्हाला दोघींना एकत्र पाहिलं आणि आपलं काम चालू ठेवलं. मंगलानं उभ्या उभ्याच सांगितलं, "काकी, तुमची नावं माह्याच हातानं गेली. मले मालूम नव्हतं. मी परत लावून देतो." झाडीपट्टीत बायाही "देतो", "करतो" म्हणतात. त्या दिवशी ते "देतो" मला शपथेसारखं वाटलं.

तानाबाई म्हणाली, "बाकीच्यायचं लाव. ते आले की त्यायले विचार. माह्यं नको."

"काऊन काकी?"

"नाव काढतानी दोघायचं काढलं तुमी. आता माह्यं एकटीचं लावता?"

आम्ही परत आलो. वाटेत मंगला एकदाच बोलली. "धुतलेलं धोतर घालून आले होते डोमाकाका. मी होतो त्या दिवशी शाळेपाशी. व्हीलचेअर लावून राह्यलो होतो. पाह्यलं त्यायले परत जातानी, मले वाटलं मत देऊन चालले."

अहवाल मी लिहिला. बोडीटोल्याचं पान परिशिष्टात टाकलं नाही, पहिल्या भागात ठेवलं, त्या अधू माणसाच्या उताराच्या लगेच खाली. दोन्ही खरं होतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवलं. फॉर्म मूळचा माझा होता हेही लिहिलं. बहुधा पहिल्यांदाच मूल्यमापनाच्या अहवालात मूल्यमापन करणाऱ्याची चूक नोंदवली गेली असावी. भाषा जरा मवाळ करा, असे दोन फोन आले. मी विशेषणं काढली, वाक्यं ठेवली.

दुसरा टप्पा एकदम मिळाला नाही. अडून राहिला, मग अटी घालून मिळाला. मिरचीच्या आणि मोहाच्या दिवसांत घरभेटी करायच्या नाहीत. कुलूप दिसलं तर तीनदा जायचं, शेजाऱ्याला विचारायचं. आणि फॉर्मात चौथा रकाना आला: "कामासाठी बाहेर, परत येणार". एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी प्रत्यक्ष काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी त्या रकान्याकडे बोट दाखवीन. इंचभर रुंदीचा आहे. पण शेंडे सर त्या दुसऱ्या टप्प्यात नव्हते. वर कुणाला तरी जबाबदार धरावं लागतं, आणि धरला जातो तो बहुधा गावात फिरणारा माणूस. मी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं, फोन केले, उपयोग झाला नाही. आता ते एका शाळेत शिकवतात. रस्त्यात भेटले तर आधी तेच नमस्कार करतात. मला ते अजून सोसत नाही.

मंगला टिकली. मोह गळायला लागला आणि टोला परत आला, तेव्हा ती रोज सकाळी लोकांबरोबर मोहाखाली जाऊन बसायची. फुलं वेचता वेचता अर्ज भरायची. आधी लोक बोलेनात, मग बोलायला लागले. पंधरा अर्ज भरले गेले. सोळावा तानाबाईचा. त्यासाठी ती किती वेळा गेली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एक दिवस फोन आला, "म्याडम, काकीनं अंगठा देला." कसं काय, विचारलं तर म्हणाली, "मी काही नाई केलं. काकीले अर्जात लिहिलेलं पूर्ण नाव वाचून दाखवलं, यादीत, कसं छापून येईन ते. ती म्हणे, असंच येईन? मी म्हणलं, हो, असंच. मंग देला."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

पुढे जिल्हा परिषदेची निवडणूक आली. मला आता कुणी पाठवणारं नव्हतं, मी माझी गेले. रफीकभाऊंनी गाडी काढली. केंद्रापासून बरंच लांब, चुन्याच्या रेघेबाहेर, चिंचेखाली आम्ही मंगलाबरोबर उभे होतो. टोल्यातले लोक मिरचीवरून टेम्पोनं आदल्या दिवशीच आले होते. ते रांगेनं आत जात होते आणि बोटाची शाई सुकवत बाहेर येत होते. कुणी आमच्याकडे पाहून मान हलवायचं, कुणी नाही.

तानाबाई सगळ्यांच्या मागे होती. आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मंगला चुन्याच्या रेघेपर्यंत जाऊन परत आली. "आता काय निघालं यादीत?" ती पुटपुटली. शेवटी तानाबाई दारात दिसली. ताठ चालत आमच्यापर्यंत आली. डाव्या हाताचं बोट तिनं लुगड्याला लागू नये म्हणून दूर धरलं होतं.

"काकी, येवढा उशीर काऊन? काही झालं का आत?"

"काई नाई झालं. मास्तरनं नाव वाचलं. सगळ्याइले आयकू जाईन असं वाचलं. तानाबाई डोमा मडावी."

"मंग?"

"मंग मी म्हणलं, पुन्हा वाच. मले कमी आयकू येते."

मंगला तिच्याकडे बघतच राहिली. "काकी, तुले तं बोडीपलीकडची बकरी आयकू येते!"

"त्याले काय मालूम?" तानाबाई म्हणाली. "वाचलं त्यानं पुन्हा."